भिंतीपाशी बसलेली

भाऊसो मास्तरनं मला ओळखलं नाही. दुकानाच्या पायरीवर त्यानं आधी काठी टेकली, मग पाय, आणि आत आल्या आल्या विचारलं, “कारागीर, पाण्याच्या रंगातली चित्रं आहेत, नीट बसवाल ना?” मी काच कापत होतो. हिरकणी हातातून सटकली आणि काचेवर तिरकी रेघ गेली. अख्खी काच वाया. आवाज तोच, जरा चिरका झालेला, पण शेवटचा शब्द ओढून धरायची खोड तीच. तोंड बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, गालावर पांढरे खुंट, खांद्याला तीच खादीची झोळी किंवा तिची धाकटी बहीण. त्यानंही माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी उभा होतो त्या दिशेला बघितलं. नेमकी तेव्हाच शेजारच्या हारवाल्या हरणाबाईनं बाहेरून हाक मारली, “नाथाजी, कातर हाय का रं जरा?” वाटलं, आता चमकेल, आता काठी हातातून पडेल. मास्तर झोळीची गाठ सोडत राहिला. ज्याचं नाव मी दहा वर्षं उठता-बसता घेतलं, दाताखाली धरून घेतलं, त्याला माझं नाव कानावर पडूनही काही वाटलं नाही. राग आला. मग वाटलं, बरंच झालं. सापानं आपल्याला बघितलं नसलं की काठी शोधायला सवड मिळते. मी हरणाबाईला कातर दिली आणि मास्तरला बसायला स्टूल दिलं.

पेन्शनीत निघाल्यावर तो सांगलीला लेकीकडे राहायला आला होता. इथल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरायचं होतं. सगळी साताऱ्याची चित्रं, जुन्या गल्ल्यांची, चौकांची. गेली तीस वर्षं दर रविवारी तो घडीचं स्टूल घेऊन कुठल्यातरी बोळात जाऊन बसायचा, हे मला त्यानं सांगायची गरज नव्हती, पण तो सांगत होता आणि मी नवल वाटल्यासारखं ऐकत होतो. एकेक चित्र उलगडत गेला. चिमणपुऱ्यातला उतार, कुणाच्या तरी चौकातला आड, तुळशीमागची पडवी, दगडी पायऱ्यांवरचं शेवाळ, आणि सगळ्यांच्या पाठीशी अजिंक्यतारा, कुठं निळा, कुठं राखाडी. चित्रं चांगली होती. ह्याचा मला जास्तच राग आला. वाईट असती तर माणसाला क्षमा करता आली असती, म्हणजे निदान कीव करता आली असती. “लोक म्हणतात, मास्तर, सातारा सगळा सिमेंटचा होणार, पण तुमच्या चित्रांत तो राहील,” तो म्हणाला, आणि लाजल्यासारखा हसला. “ऱ्हाईल की,” मी म्हणालो. “खळ चांगली असली म्हंजी समदं ऱ्हातंय.” बोललो आणि माझं मलाच सुचलं. काय करायचं ते त्या एका क्षणात ठरलं. दहा वर्षं मी चाकू, विहीर, जिना, अंधार असलं काहीबाही मनात घोळवत आलो होतो. इतकं सोपं काही असेल असं वाटलंच नव्हतं.

आमच्या धंद्यात चित्र पुठ्ठ्यावर चिकटवतात ते मैद्याच्या खळीनं. खळ शिजवताना तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं असतं. मोरचूद विषारी, त्यामुळं कसर लागत नाही. टाकलं नाही तर एक पावसाळा दिसत नाही, दुसऱ्या पावसाळ्यात कागदाला बारीक भोकं पडतात, आणि मग कसर आतून खात खात रंगापर्यंत येते; बाहेर काच तशीच चकचकीत. त्या दिवशी मी मोरचुदाची पुडी फळीवर तशीच ठेवली आणि खळीत गुळाचं पाणी घातलं. गूळ कसरीला लय आवडतो. ढवळताना वाफ तोंडावर येत होती, गोड, सणासुदीची वाटावी अशी, आणि मला फार दिवसांनी भूक लागली. एकेक चित्र मी पालथं घालून दोन्ही हातांनी, प्रेमानं म्हणावं असं, खळीनं माखत होतो. चिमणपुरा गेला. आड गेला. पडवी गेली. मास्तर, तुझा सातारा राहणार नाही. तुझ्या डोळ्यादेखत जाणार. दुसरा डोळा पिकायच्या आत जावा म्हणजे झालं.

हे दुकान म्हणजे मेलेल्या माणसांचं. देवादिकांच्या तसबिरी दिवाळीपुरत्या. बारा महिने चालतात ते फोटो. माणूस गेलं की दहाव्या-अकराव्या दिवशी घरातलं कुणीतरी कुठल्यातरी लग्नातला फोटो घेऊन येतं, ह्यातला एवढा वेगळा करा म्हणतं, स्टुडिओवाला मोठा करून देतो, मी चौकट घालतो, आणि बाहेर पडताना हरणाबाई हार विकते. दोघांचं गिऱ्हाईक एकच. गणपती पेठेत हळदीचा वास कपड्यांत बसतो तसं हे सगळं माझ्या अंगात बसलंय. अख्ख्या सांगलीची गेलेली माणसं माझ्या हातून भिंतीवर गेली, आणि माझ्या खोलीच्या भिंतीवर माझं माणूस नाही. माझ्या बायकोचा, राहीबाईचा, फोटोच नव्हता. तिची आई पाटणकडची, फोटो काढला की आयुष्य आटतं म्हणणारी. लग्नातसुद्धा काढू दिला नाही. एकदा साताऱ्यात मी हिला स्टुडिओच्या दारापर्यंत नेलं होतं, आतला पडदा आणि कागदी फुलांची कुंडी बघून ही परत फिरली. “मला बघायला तुमी हायसा की,” म्हणाली. आयुष्य आटू नये म्हणून तिनं फोटो काढला नाही आणि आयुष्य तर तिशीतच आटलं. आता मी तिला बघायला जातो तर नाक येतं, डोळे येत नाहीत. कधी नुसता आवाज येतो. एखाद्या दिवशी तर गिऱ्हाइकाच्या बायकोचं तोंड तिच्या तोंडावर येऊन बसतं आणि हलता हलत नाही.

साताऱ्याच्या मंगळवार पेठेत एका वाड्यातल्या चौकाच्या मागच्या अंगाला आमची भाड्याची खोली होती. मी तेव्हा सुतारकामाला जायचो. चौकाची मागची भिंत पांढऱ्या मातीची, उंच, पोट सुटलेली. पावसाळ्यागणिक ते पोट पुढं येत होतं. भिंतीच्या पायाशी आमचं चुलवण होतं, पाणी तापवायचं. मालकाला मी म्हणालो, भिंत उतरवू या, तुमी हो म्हणा, मी पाडतो. त्यानं हो म्हटलं. मी कुणाची तरी पहारही मागून आणली. आणि त्या रविवारी भाऊसो मास्तर आला. भिंतीसमोर उभा राहिला तो किती वेळ तरी उभाच. म्हणाला, “नाथाजी, काय रंग चढलाय रे हिला. शंभर वर्षांचं ऊनपाऊस आहे हे.” मला तिथं नुसती ओल दिसत होती. म्हणाला, “एवढं चित्र पुरं होऊ दे. तोवर थांब.” मास्तर माणूस, अख्खी पेठ वाकून नमस्कार करायची. थांबलो. चित्र एका रविवारी पुरं होत नव्हतं, कारण भिंतीवर हवं तसं ऊन म्हणे सकाळी थोडा वेळच यायचं, आणि मार्गशीर्षातलं ऊन वेगळं. मी म्हणायचो, “मास्तर, पोट लय सुटलंया.” तो म्हणायचा, “तेच तर तिचं रूप आहे.” राही त्याला चहा द्यायची. तिलाही बरं वाटायचं, आपल्या दारातली भिंत कुणीतरी एवढी बघतंय म्हणून. एकदा तो तिला “हलू नकोस गं, अशीच बस” म्हणाला होता आणि ती हातातलं सूप तसंच धरून बसली होती, हे मला नंतर तिनंच हसत हसत सांगितलं होतं. पुढं ते मी विसरूनही गेलो.

कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पहाट होती. ती पाणी तापवायला उठली होती. आणखी काय सांगायचं. भांडी वाजली, मी उठून दाराशी येईपर्यंत भिंत नव्हती, तिथून पलीकडचा चौक सरळ दिसत होता आणि धूळ खाली बसत होती. लोकांनी हातानं माती उपसली. ती मी मागून आणलेली पहार त्या दिवशी कामाला आली. मास्तर तिसऱ्या दिवशी आला. मी पायरीवर बसलो होतो. तो ढिगाऱ्यासमोर उभा राहिला, तसाच, किती वेळ. मग माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “गेली रे भिंत, नाथाजी.” एवढंच. डोळ्यांत पाणीही होतं. भिंतीसाठी. माणसाला शब्द सापडत नाहीत, काहीतरी बोलून जातो, असं मला नंतर पुष्कळांनी समजावलं, मीही स्वतःला समजावून बघितलं. नाही जमलं. ते वाक्य माझ्या अंगात काच शिरावी तसं शिरलं आणि वरून कातडी धरली. सातारा सोडला, सांगलीत आलो, लाकडाच्या पट्ट्या कापायला लागलो. प्रत्येक कोपरा जुळवताना आत ते टोचत राहिलं.

भिंतीचं चित्र गठ्ठ्यात सगळ्यात खाली होतं. असणार हे मला माहीत होतं आणि म्हणून मी ते शेवटी ठेवलं होतं, पोरं ताटातला गोड घास ठेवतात तसं. दुपार होती, पेठ झोपली होती, समोरच्या भिंतीवर इलेक्शनची पोस्टरं उन्हानं सुटून फडफडत होती. मी कागद उलगडला. भिंत उभी होती. तिचं ते पोट, ती ओल, आणि त्याच्यावर सकाळचं ऊन असं टेकलेलं की क्षणभर मलाही वाटलं, पाडायला नको होती. माझी मलाच शिसारी आली. मग डाव्या खालच्या कोपऱ्यात, भिंतीच्या सावलीला, ती बसलेली दिसली. तोंड दिसत नाही, मान खाली. हिरवट लुगडं, मांडीवर सूप, आणि एक पाय दुमडलेला, एक पुढं पसरलेला. तो पाय. लहानपणी गंजीवरून पडून तिचा गुडघा दुखावला होता, तो पुरा दुमडायचा नाही. देवाच्या पंगतीतसुद्धा ती पाय पसरूनच बसायची आणि बायका नाकं मुरडायच्या. कुंचल्याचे दोन फटकारे असतील नसतील. पण तिच्याशिवाय जगात दुसरं कुणी तसं बसत नव्हतं. मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि रडलो. किती वेळ ते माहीत नाही. मग बघितलं तर खळीचं भांडं शेजारी होतं, गुळाची खळ, आणि तिच्यावर माशा बसत होत्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर आला. काम बघायला म्हणून तो रोजच यायचा, लेकीच्या घरी त्याला करमत नसावं. मी चित्र त्याच्यापुढं धरलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. मी म्हणालो, “मास्तर, ही कोण वो?” मनात म्हणत होतो, नाव घे. नुसतं नाव घे, किंवा एवढं म्हण की बिचारी त्या भिंतीखाली गेली. खळ ओतून टाकतो. सगळी चित्रं पाठीमागून ओलावून सोडवतो, रात्रंदिवस बसून नव्यानं लावतो. खरंच मी तसं केलं असतं. मास्तरनं कागद चांगल्या डोळ्याजवळ नेला. “ही होय,” तो म्हणाला. “कुणी नाही. त्या कोपऱ्यात जागा रिकामी वाटत होती, म्हणून टाकली.” आणि भिंतीवर बोट फिरवत म्हणाला, “पण भिंत बघा, कारागीर. असली भिंत आता नाही.”

तो गेल्यावर मी पातं परजलं. चित्राभोवती मधे खिडकी कापलेला पांढरा पुठ्ठा बसवतात, त्याला आम्ही माउंट म्हणतो. तो डाव्या बाजूला आणि खाली जरा रुंद घेतला की कोपरा झाकला जातो. आधी मी पट्टी ठेवून तो कोपरा कापून घेतला, पोस्टकार्डाएवढा. हात स्थिर होता. तिला त्या भिंतीखालून काढायला मला दहा वर्षं लागली होती. उरलेलं चित्र मी भरपूर खळ लावून चिकटवलं, वर माउंट, काच, चौकट, मागं चुका ठोकल्या. भोक कुठं आहे हे देवालाही कळलं नसतं. आणि तिच्यासाठी वेगळी खळ शिजवली. मोरचूद घालून. चिमटीनं नाही, मूठभर.

चित्रं न्यायला मास्तर लेकीनं ठरवलेल्या टांग्यातून आला. पहिल्यांदा त्यानं हुंगलं. “गुळाचा वास येतोय का हो?” मी म्हणालो, “पलीकडं गुळाची वखार हाय न्हवं.” सांगलीत ह्या उत्तराला कुणी हरकत घेत नाही. एकेक चौकट तो हातानं चाचपत होता. भिंतीच्या चित्रापाशी थांबला. डोकं कलतं केलं, लांब धरलं, जवळ धरलं. “हे डावीकडं हलकं पडलंय,” तो म्हणाला. “तिथं काहीतरी होतं.” ह्याच क्षणासाठी मी जिवंत राहिलो असेन. “न्हाई मास्तर,” मी सावकाश म्हणालो. “तितं कुणी न्हवतं.” तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “डोळे गेले हो.” टांगा निघून गेला. मी हरणाबाईकडून मोगऱ्याचा चांगला हार घेतला. “कुणासाठनं रं?” तिनं विचारलं. “घरातल्यासाठनं,” मी म्हणालो.

खोलीत भिंतीवर चौकट टांगली, हार घातला, समोर बसलो. बघितलं. पुन्हा बघितलं. कंदील जवळ आणला, लांब नेला. हिरवट रंगाचा एक ओघळ, खाली तपकिरी पट्टा, त्याच्यातून बाहेर आलेली एक फिकट रेघ. पाय कुठं गेला? मान कुठं आहे? मी डोळे मिटून उघडले. चुकीचा तुकडा तर कापला नाही? पण तुकडा तोच होता. सकाळी हरणाबाईला बोलावलं. ती चौकटीपुढं वाकली, मागं सरली, डोळे बारीक केले. “काय हाय रं ह्यात?” “बघा की नीट.” “मला तर काय सुदरंना बाबा. रंग सांडल्यागत दिसतंय.” तिनं हाराकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि दुकानाला गेली. तेव्हा मला कळलं. उजवीकडं ऊन होतं म्हणून ती सावलीत होती. वर भिंत होती म्हणून तिची मान खाली होती. भिंत काढली आणि तीही निघून गेली. मास्तरनं तिला वेगळी काढलीच नव्हती, त्याच्या मेल्याच्या भिंतीतूनच काढली होती. त्या सुडाच्या आनंदाला असं तोंडघशी पडावं लागेल हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला मारलं असतं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी न जाण्याचं ठरवलं आणि गेलो. तुकडा चौकटीतून सोडवून, पाठीला पुठ्ठा तसाच ठेवून, सदऱ्याच्या खिशात घातला होता. हॉलमध्ये लोक होते, सरबत होतं, कुणीतरी साताऱ्यावर भाषण करून नुकतंच बसलं होतं. भिंतीचं चित्र खिडकीजवळ लावलं होतं. लोक पुढं सरकायची वाट बघत मी उभा राहिलो. मग खिशातून तुकडा काढला आणि काचेवर डाव्या कोपऱ्यात, पांढऱ्या माउंटवर, जिथला तिथं टेकवला. जरा सरकवला. सावलीची कड सावलीच्या कडेला मिळाली, आणि ती बसली. पाय पसरून, सूप मांडीवर घेऊन. मला तिचा वाससुद्धा आला, चुलवणाच्या धुराचा. माझा हात तसाच राहिला. ह्या काचेच्या आत गुळाची खळ होती. एक पावसाळा दिसणार नाही, दुसऱ्या पावसाळ्यात भोकं पडतील, भिंत जाईल, आणि मग माझ्या मूठभर मोरचुदाची राखण घेऊन हा ओघळ तेवढा राहील, कायमचा. हे मला एकट्याला माहीत होतं. मास्तरला सांगितलं तर अजून सगळं वाचवता येत होतं. मी तोंड उघडलंही असेन.

“कापलंस?” पाठीमागून मास्तर म्हणाला. काठी न वाजवता तो केव्हा आला कळलं नाही. कारागीर नाही, तुम्ही नाही, एकेरी, जुन्यासारखं. “व्हय,” मी म्हणालो. आता तो विचारेल, का. विचारलंस की सांगतो, सगळं सांगतो, पहार, चुलवण, तिसरा दिवस, गूळ, सगळं. मी हात खाली घ्यायला लागलो. “हां हां, हलू नकोस,” तो म्हणाला. “तसाच धर.” त्यानं डोकं कलतं केलं. एक पाऊल मागं गेला. त्याचा तो पांढरा डोळा आणि दुसरा धड डोळा दोन्ही चित्रावर होते, माझ्यावर नव्हते, तिच्यावरही नव्हते. त्याच्या तोंडावर हळूहळू समाधान पसरत गेलं. “आता चित्र पुरं झालं,” तो म्हणाला.

माझं तोंड मिटलं. मी तिच्याकडं एकदा बघून घेतलं, नाक-डोळे नसलेल्या तिच्याकडं, पोटभर. मग हात खाली घेतला. कोपरा पांढरा झाला. तुकडा खिशात घातला आणि मास्तरच्या अंगावरून दाराकडं निघालो. “अरे, थांब की,” तो मागून म्हणाला. ह्या खेपेला मी थांबलो नाही.